जावयाच्या मावशीचा चाळिसावा: गहू, डाळिंब आणि थोडी मदत

शिवणकामवाली:

नमस्कार मंडळी. प्रश्न स्वयंपाकाचाच आहे, पण आधी थोडं सांगते.

माझी धाकटी ग्रीसमध्ये असते, थेस्सालोनिकीला. जावई तिथलाच. त्याच्या आईची सख्खी बहीण मागच्या महिन्यात गेली. त्यांच्यात आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना एकच शब्द, थिया. आम्हीही तिला थियाच म्हणायचो. विहीणबाई दिवसभर दुकानात, त्यामुळे जावई वाढला तो थियाच्या स्वयंपाकघरात. माय मरो मावशी जगो म्हणतात, इथे मावशीच आधी गेली.

2020च्या जानेवारीत सगळे आमच्या सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आले होते. थियाला मराठी येत नाही, मला ग्रीक येत नाही. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "आमटी वाढू?" ती म्हणाली, "ने." मी ताट उचलून नेलं! पुन्हा भाकरी विचारली, पुन्हा "ने", मी भाकरीही नेली. बाई बिचारी तोंडाकडे बघत बसली. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे "हो" हे लेकीने हसून हसून लोळल्यावर सांगितलं. नको असलं की ती मान वर करून "च्च" करायची, अगदी आपल्यासारखं. ते मात्र मला पहिल्यापासून कळलं.

अकरा दिवस होती. शेंगाची चटणी दह्यात कालवून वाटीने खायची. जत्रेच्या मिरवणुकीतल्या सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या जाईपर्यंत उन्हात उभी राहिली, प्रत्येकाला क्रूस करत. एकदा माझं डोकं दुखत होतं तर तिने बशीत पाणी घेऊन तेलाचे थेंब सोडले, ते विरघळल्यासारखे झाले, मग माझ्या अंगावर तीनदा "फ्तू फ्तू फ्तू". नजर लागली होती म्हणे. संध्याकाळी मी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी तिची काढली. फिट्टंफाट. जाताना डझनभर सोलापुरी टॉवेल घेतले. दुकानदाराने दाखवले ते नाही घेतले, एकेकाचे धागे चिमटीत धरून बघितले. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतेय मी, मला ती बाई तिथे पटली.

आता प्रश्न. येत्या रविवारी तिकडे तिचा चाळिसावा आहे. त्या दिवशी उकडलेल्या गव्हाचा "कोलिवा" करून चर्चमध्ये नेतात आणि वाटतात. मला तो त्याच दिवशी इथे करायचा आहे. लेकीने यादी पाठवलीय: गहू, बेदाणे, बदाम, अक्रोड, तीळ, दालचिनी, डाळिंब, कोथिंबिरीसारखा कुठला पाला, वर पिठीसाखर. गहू कुठला घेऊ? आणि साखर पाझरून चिखल होणार नाही ना? शिवाय जाऊबाई म्हणतात सुतकात गोड करायचं नाही. खरंच लागतं का हो सूतक?

हुग्गीप्रेमी:

ताई, खपली गहू घ्या. आमच्याकडे हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, तोच लागतो. रात्रभर भिजवा, सकाळी शिजवा. पण हुग्गीसारखा घोटू नका, दाणा जरासा फुटला की गॅस बंद. मग चाळणीत ओता. आणि कुकरची शिट्टी नको, उघड्या पातेल्यात करा, नाहीतर लगदा ठरलेला.

पिरेयसचा_पाहुणा:

जहाजावर होतो, ग्रीसच्या पिरेयस बंदरात बरंच राहिलोय, कोलिवा पुष्कळदा खाल्लाय. खरी गोम वाळवण्यात आहे. शिजलेला गहू सुती कापडावर पसरून रात्रभर ठेवायचा, वरून दुसऱ्या कापडाने टिपायचा. दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे. शनिवारी शिजवा म्हणजे रविवारी सकाळी तयार. मग सुकामेवा, तीळ, दालचिनी मिसळून ताटात ढीग करायचा, त्यावर भाजलेल्या चण्याचं पीठ दाबून थापायचं आणि त्यावर पिठीसाखर. ते पीठ ओल शोषतं, साखर वर कोरडी राहते. तुम्हाला तर पंढरपुरी डाळ्या हाताशी आहेत, मिक्सरला फिरवल्या की झालं. वर बदामांचा क्रूस मांडतात. साखर मात्र अगदी शेवटी. आणि तो पाला म्हणजे पार्स्ली. नाही मिळाली तर सोडून द्या, कोथिंबीर घालू नका, चवच बदलते.

चर्चमध्ये पाद्री त्यावर प्रार्थना म्हणतो, मग सगळं एकत्र कालवून छोट्या कागदी पिशव्यांतून वाटतात. दाणा मातीत जातो तेव्हाच पुन्हा उगवतो, म्हणून गहू. तिसरा, नववा, चाळिसावा, मग वर्ष. आपल्यासारखेच हिशोब. डाळिंब ते नव्या वर्षालाही उंबऱ्यावर आपटून फोडतात, आपण नारळ फोडतो तसं.

नियम_म्हणजे_नियम:

जावयाच्या मावशीचं सूतक तुम्हाला लागत नाही. जाऊबाईंना सांगा. पण पिठीसाखर विकतची घेऊ नका, तिच्यात कधीकधी कॉर्नफ्लोअर असतं. घरी दळा.

सांगोलेकर:

कॉर्नफ्लोअर असलं तर उलट बरंच, ओल धरतं! असो. डाळिंब भगवा घ्या, दाणा मऊ आणि गडद. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या गावात राहून डाळिंबाचं विचारावं लागतंय म्हणजे कमाल. देठाकडची टोपी कापा, पांढऱ्या पडद्यांवरून उभ्या चिरा द्या, हाताने उघडा. सुरीने मधोमध कापलं की रस सुटतो आणि तुमचा गहू पुन्हा ओला. दाणे पंख्याखाली तासभर ठेवा, मिसळा सगळ्यांत शेवटी.

शिवणकामवाली:

झाला. सगळ्यांचे आभार. डाळ्यांचं पीठ नसतं तर बोजवारा उडाला असता. एका कोपऱ्यात साखर पाझरलीच, तो कोपरा मी भिंतीकडे केला.

दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. विहीणबाई नखशिखान्त काळ्या कपड्यांत, मागे टेबलावर त्यांचा कोलिवा, माझ्यापेक्षा कितीतरी देखणा. लेकीने फोन स्वयंपाकघरात नेला. तिथे खुर्चीवर रात्री गहू पसरलेलं कापड वाळत होतं. मी काठावरूनच ओळखलं. आपला टॉवेल. त्या डझनातला. थिया म्हणे दर वर्षी तिच्या आईसाठी कोलिवा करायची तेव्हा गहू त्यावरच पसरायची, म्हणून यांनीही तोच काढला. मला काही बोलायला सुचेना. विहीणबाईंनी तोंडाशी हात नेऊन खूण केली, खाल्लास का? मी म्हटलं, "ने."

जाऊबाईंनी दोनदा घेतला, बरं का. अजून दीड वाटी उरलाय. फ्रिजमध्ये किती दिवस टिकतो?

पिरेयसचा_पाहुणा:

टिकत नाही हो, आंबतो. आजच शेजारी वाटून टाका.