मदत हवी आहे: 1882 च्या ‘ॲशेस’ मृत्युलेखाचं मराठी करताना अडलोय

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेत दर महिन्याला एकेका सालावर भित्तिपत्रक निघतं. या वेळी आठवीच्या मुलांनी 1882 सालचे जगातले खेळ घेतलेत. बरंचसं लिहून झालंय: फेब्रुवारीत जॉन एल. सलिव्हनने उघड्या मुठींच्या लढतीत पॅडी रायनला नवव्या फेरीत लोळवलं, विम्बल्डनला विल्यम रेनशॉने जुळ्या भावाला, अर्नेस्टला हरवलं, तोक्योच्या एका देवळात जिगोरो कानो यांनी ज्युदोची कोदोकान शाळा काढली. गाडी अडलीय ती क्रिकेटवर.

28 आणि 29 ऑगस्ट, लंडनचं ओव्हल मैदान, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी. पहिल्या डावात ऑस्ट्रेलिया 63, इंग्लंड 101. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात सॅमी जोन्स धाव पुरी करून खेळपट्टी थोपटायला क्रीझबाहेर गेला आणि इंग्लंडच्या डब्ल्यू. जी. ग्रेसने त्याला धावबाद केलं. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पोफर्थ भयंकर चिडला. इंग्लंडला 85 हव्या होत्या. 2 बाद 51 वरून डाव 77 वर आटोपला. स्पोफर्थचे सामन्यात 90 धावांत 14 बळी. चार्ल्स स्टड दुसऱ्या टोकाला नाबाद उभा, एकही चेंडू न खेळता! हे वाचून दाखवलं तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

पहिली अडचण: याच डावात लिटलटन आणि लुकास खेळत असताना लागोपाठ 12 ओव्हर निर्धाव गेल्या. तेव्हा इंग्लंडात ओव्हर चार चेंडूंची होती. मग ‘षटक’ कसं लिहू? शब्दातच सहा आहेत.

दुसरी, मोठी अडचण: 2 सप्टेंबरला ‘स्पोर्टिंग टाइम्स’मध्ये रेजिनाल्ड ब्रूक्सने इंग्लिश क्रिकेटचं निधन झाल्याची गमतीची सूचना छापली. शेवटची ओळ अशी की पार्थिवाचं दहन होईल आणि ‘ॲशेस’ ऑस्ट्रेलियाला नेल्या जातील. राख, रक्षा की अस्थी? शिवाय दहन आपल्याकडे रोजचं, मुलांना त्यात नवल काहीच वाटणार नाही. तिथे तर तेव्हा पुरण्याची रीत होती. इंग्लंडातल्या वोकिंगला दहनगृह बांधून तयार होतं, पण पहिलं दहन झालं 1885 मध्ये. ब्रूक्सचे वडील दहनाच्या बाजूने निघालेल्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी होते. म्हणजे त्या ओळीत एका चालू वादाला चिमटा आहे, आणि तो मराठीत आणायचा कसा तेच सुचत नाहीये. शुक्रवारी फळा लागतो. कृपया सुचवा.

प्रतिसाद 1: सर, ‘षटक’ नकोच. ‘ओव्हर’ ठेवा आणि कंसात ‘चार चेंडूंची’. खाली मुलांकडूनच गणित करून घ्या: 12 ओव्हर म्हणजे 48 चेंडू, आजची 8 षटकं. 48 चेंडू एकही धाव नाही हे त्यांना लगेच कळेल.

प्रतिसाद 2: ‘रक्षा’ घ्या. आपल्या निधनवार्तेत ‘रक्षाविसर्जन’ असतंच. ‘अस्थी’ म्हणजे हाडं, ती सावडायची असतात. नुसती ‘राख’ चुलीचीही असते. दहनाचं नवल मात्र भाषांतरात कोंबू नका, शेजारी दोन ओळींची चौकट द्या.

मूळ लेखक: दोघांचेही मनापासून आभार. वर्गात आज हे बसलं:

‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की इंग्लिश क्रिकेटचे 29 ऑगस्ट 1882 रोजी ओव्हल येथे निधन झाले. शोकाकुल: मोठा मित्रपरिवार. ता. क. पार्थिवाचे दहन करण्यात येईल व रक्षा ऑस्ट्रेलियास नेण्यात येईल.’

एका मुलीने विचारलं, “सर, मग रक्षाविसर्जन कुठे झालं?” तिला सांगितलं, झालंच नाही. त्याच वर्षी इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लाय संघ घेऊन ती परत आणायला निघाला आणि तिकडे त्याला एक चिमुकला कलश भेट मिळाला, जेमतेम 11 सेंटिमीटरचा. तो आज लॉर्ड्सच्या संग्रहालयात आहे. आता ती मुलगी पट्टी घेऊन त्याचं खऱ्या मापाचं चित्र काढतेय.