ग्राफिक्स कार्डात पैसे घालू का? दिसणं मोठं की खेळणं?

जिंतूर_रोड_परभणी

रामराम मंडळी. जरा लांबलचक लिहायलोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडं जुना असेंबल केलेला पीसी हाय, आय फाइव्ह चौथ्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारं वेगळं कार्ड) नाही. त्यावर कॉलेजपासून दोनच गेम खेळायलोय, ईए कंपनीचा क्रिकेट ०७ अन् काउंटर स्ट्राइक १.६, अन् खरं सांगतो कधी काही कमी वाटलं नाही. मग दिवाळीत पुण्याला चुलतभावाकडं गेलो, त्यानं नवीन पीसी घेतलाय, त्यावर रेड डेड रिडेम्प्शन २ लावून दिला अन् मी येडाच झालो. घोडा चिखलातून गेला की चिखल त्याच्या पोटाला लागतो, बर्फात पाऊल रुततं अन् मागं वाट उमटत जाते, हिरोची दाढी दिवसागणिक वाढते, थंडीत घोड्याचं काय काय आखडतं ते पण दाखवलंय (हे नेमकं वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हाच दाखवलं लेकानं).

घरी येऊन क्रिकेट ०७ लावला तर पहिल्यांदाच डोळ्याला खुपला. प्रेक्षक म्हणजे पुठ्ठा कापून उभे केल्यावानी, फिल्डर सगळे एकाच आईचे. गेम आला २००६ च्या शेवटी, त्याला तरी काय बोलायचं. आपल्या टीमचं लायसनच नव्हतं म्हणून ओरिजिनलमध्ये आपल्या पोरांची नावं भलतीच, ती पॅच (गेम बदलायची वेगळी फाईल) टाकून नीट केलेली.

आता सोयाबीन मोंढ्यावर घातलं अन् माझ्या वाट्याचे २० हजार बाजूला हायेत. पप्पा म्हणायलेत बॅटरीवरचा फवारणी पंप घे. माझा जीव कार्डात अडकलाय. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना, पुण्यात त्या दोन तासात मी खेळलो कमी अन् बघत बसलो जास्त, मिशन काय होतं विचारलं तर सांगता येणार नाही. इकडं क्रिकेट ०७ मध्ये बॉलरनं रनअप घेतला की माझ्या बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. तर मग ग्राफिक्सचं हे कौतुक चार दिवसांचं असतं का? जाणकारांनी सांगा, शिव्या नका देऊ.

मुस्तफा_औरंगपुरा

तुझ्या दुप्पट वयाचा असेन मी, त्यामुळं काका म्हटलास तरी चालेल.

९० च्या दशकात आमच्या औरंगाबादेत (तेव्हा औरंगाबादच, उगं वाद नको) औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एक पार्लर होतं. अंधारी खोली, आत तीन मशिनी, दाराला पोत्याचा पडदा. तिथं आम्ही 'मुस्तफा' खेळायचो. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, पण ते नाव मला नोकरी लागल्यावर इंटरनेटवर कळलं. आम्हाला पिवळ्या टोपीवाला मुस्तफा तेवढा माहीत, अन् त्याच्यावरून मशिनीपाशी भांडणं, कारण तो सगळ्यात जोरात पळायचा.

आता आमच्या वयाची माणसं लगेच सुरू होतात की आमच्या काळी ग्राफिक्स नव्हते तरी मजा होती. साफ खोटं. आम्ही त्या मशिनीला भुललो ते दिसण्यालाच! घरच्या टीव्ही गेमवरचा कॉन्ट्राचा माणूस बोटाच्या पेराएवढा, अन् इथं हातभर उंचीचा गडी, अंगाला रंग, मागनं डायनासोर यायलाय. पहिलं कॉइन मी चित्र बघूनच टाकलं. पण सहावी इयत्ता पूर्ण त्या पोत्याच्या पडद्यामागं गेली (अन् गणितात जे व्हायचं ते झालं), ते काही चित्रामुळं नाही. दोघं मिळून एकाला कसं कोंडीत धरायचं, जीव कमी झाला की मटण कुणी खायचं, यातच वर्ष गेलं.

अजून एक सांगतो. पहिल्या सुपर मारिओत, १९८५ चा, वरचे ढग अन् खालची झुडपं एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला, कारण अख्खा गेम ४० केबीत बसवायचा होता. आज व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगचं फूल येतं ना, ते याच्यापेक्षा जड. मी तो गेम हजार वेळा खेळलो पण ते झुडूप म्हणजे ढग आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नाही, कारण लक्ष सगळं उडीकडं.

क्लच_सेलू

भावांनो आम्ही तर ग्राफिक्स मुद्दाम कमी करतो 😂 बीजीएमआयमध्ये (फोनवरचा बंदुकीचा गेम) चित्र स्मूथ म्हणजे साधं ठेवायचं अन् फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, जेवढा वर जाईल तेवढा. एचडीआर म्हणजे भारी चित्र लावून सूर्यास्त बघत बसलं की मेलात अन् लॉबीत परत

अन् गवताचं माहीत हाय का, तुम्ही गवतात झोपता अन् वाटतं लपलो, पण लांबचं गवत समोरच्याच्या फोनवर काढलेलंच नसतं, त्याला तुम्ही मोकळ्या रानात आडवे पडलेले दिसता. माझा मित्र दोन महिने असाच मरत होता, त्याला वाटायचं समोरचे सगळे हॅकर

सायली_नांदेड

मी नांदेडची, हैदराबादला एका गेम स्टुडिओत लायटिंगचं काम करते, म्हणजे माझं पोट ग्राफिक्सवरच चालतं, हे आधी सांगून टाकते.

सेलूवाल्या भावानं गमतीत लिहिलंय पण मुद्दा त्यातच आहे. तुम्ही सगळे 'ग्राफिक्स' या एका शब्दात तीन-चार गोष्टी कोंबताय. फ्रेमरेट वेगळा. ६० फ्रेमला एका चित्राला १६-१७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३. तुम्ही बटन दाबलं अन् पडद्यावर हललं यात तेवढा फरक पडतो, आणि तो डोळ्यापेक्षा हाताला जास्त जाणवतो. म्हणजे हे दिसण्याच्या खात्यात न जाता खेळण्याच्या खात्यात जातं. त्यामुळे शॅडो, रिफ्लेक्शन कमी करून फ्रेम वाढवणारा माणूस ग्राफिक्सचा दुश्मन वगैरे नाही, त्याला हिशेब कळतो.

मग खरंखुरं दिसणं वेगळं आणि चांगलं दिसणं वेगळं. निन्टेंडोनं झेल्डाचा विंड वेकर काढला, जपानात २००२ ला, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली की हे काय कार्टून. आज तो लावा आणि त्याच वर्षांतला एखादा 'रिअल दिसणारा' गेम शेजारी लावा. त्या रिअलवाल्यांचे चेहरे आता मेणाचे वाटतात, आणि विंड वेकरचा समुद्र अजून ताजा आहे. खरं दिसण्याच्या शर्यतीत पुढच्या वर्षीचा गेम तुम्हाला मागं टाकतोच, आपली एक शैली ठरवली की त्या शर्यतीत उतरावंच लागत नाही.

आणि मला जे सगळ्यात आवडतं ते असं, की दिसणंच खेळणं होतं. घोस्ट ऑफ त्सुशिमात (२०२०) रस्ता दाखवायला पडद्यावर बाण नाही, वारा वाहतो. गवत ज्या बाजूला झुकलं त्या बाजूला जायचं. ते गवत भारी दिसलं नसतं तर तो खेळ तसा खेळताच आला नसता. उलट टोकाला सायलेंट हिल, १९९९. पहिल्या प्लेस्टेशनला लांबचं चित्र काढायचं झेपत नव्हतं म्हणून सगळीकडे धुकं. त्या धुक्यानंच लोकांची टरकली. अडचण होती ती, तिचा खेळ केला.

रेड डेडबद्दल एक बोलते, मला तो प्रचंड आवडतो तरी. तिथं कपाट उघडायचं म्हटलं की हात पुढं जाणार, दार उघडणार, एकेक वस्तू उचलणार, शिकार केली की कातडं सोलायचं अख्खं दरवेळी बघायचं. दिसायला लाजवाब, पण पन्नासाव्या वेळी बोट वाट बघत बसतं. म्हणजे दिसण्यासाठी खेळाचा वेग खर्च केलाय, त्यांनी तो जाणूनबुजून केलाय. काहींना तो संथपणाच हवा असतो, काही तिसऱ्या दिवशी सोडून देतात. तू पुण्यात दोन तास बघत बसलास त्यात तुझी काही चूक नाही, तो गेम बघायलाच लावतो.

मुस्तफा_औरंगपुरा

सायलीताई, धुक्यावरून आठवलं, स्पेस इन्व्हेडर्सचं पण असंच. १९७८ चा. एलियन मरत गेले की उरलेले जोरात पळायला लागतात, कारण मशिनीला काढायला चित्रं कमी उरली म्हणून तीच फास्ट झाली. बनवणाऱ्यानं ते तसंच ठेवलं.

गंजगोलाई

सगळे तत्त्वज्ञान सांगायलेत, त्या पोराला पैशाचं कुणी सांगेना.

आधी हे ऐक, ग्राफिक्सनं काय होतं म्हणणाऱ्यातला मी नाही. माइनक्राफ्टचं उदाहरण सगळे देतात, ठोकळ्यांचा गेम अन् ३० कोटींच्या वर विकला, मान्य. पण मला ठोकळे बघवत नाहीत, संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर मला डोंगर, नदी, पाऊस बघायचाय. आमच्या लातुरात २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून मला गेममधली नदी बघत बसायचं वेड लागलं, हसा खुशाल. मी तर काही गेममध्ये निस्ता घोड्यावरून फिरतो, मिशन-बिशन करत नाही. माझ्यासाठी तोच गेमप्ले.

आता कामाचं. रेड डेड २ ला कमीत कमी जीटीएक्स ७७० कार्ड अन् ८ जीबी रॅम मागतात, चांगलं पाहिजे तर १०६० सहा जीबीवालं अन् १२ जीबी रॅम. तुझा प्रोसेसर जुना असला तरी किमानात बसतो. सेकंडहँड जीटीएक्स १६५० बघ, ४ जीबीचं, ते ७५ वॅटच खातं, बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवरची वायर लागत नाही, सरळ बोर्डावर बसतं. तरी एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) लोकल कंपनीचा असला तर आधी तो बदल. मी नाही बदलला. मे महिना, बाहेर ४२ डिग्री, रात्री लाईट डीम, अन् ऐन मारामारीत फट्ट असा आवाज अन् फटाक्यासारखा वास. बायको म्हणाली मिक्सर जळला का. मिक्सर बरा होता, माझा बोर्ड गेला. अन् कूलर पीसीच्या तोंडावर लावू नको, पाण्याची हवा आत जाते.

डाऊनलोडचा पण विचार कर. १५० जीबी जागा मागतो हा गेम. रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर आणायचा म्हटलास तर अडीच महिने, तवर पुढचं पीक येतं.

जिंतूर_रोड_परभणी

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. सायलीताई, ते फ्रेमचं आता कळलं, क्रिकेट ०७ मध्ये बोटाला आधी का कळतं त्याचं कारण तेच असंल, माझ्या डबड्यावर पण तो लोण्यावानी चालतो.

अन् एक मला आत्ता सुचायलंय. क्रिकेट ०७ ला कॉमेंट्री रिची बेनो अन् मार्क निकोलस यांची. बेनो २०१५ ला गेले, तरी माझ्या घरी अजून बोलायलेत, अन् ते पण पॅच टाकून आणलेल्या आजच्या पोरांच्या शॉटवर. तोंडं भंगार दिसली तरी आवाजानं मैदानात बसल्यावानी वाटतं. हे कशात धरायचं, ग्राफिक्समध्ये का गेमप्लेमध्ये?

क्लच_सेलू

इमोशनमध्ये धर दादा 😂 कार्ड घेतलं का ते सांग

जिंतूर_रोड_परभणी

(तीन आठवड्यांनी)

घेतलं. १६५० सेकंडहँड, साडेसहा हजारात, नवीन एसएमपीएस वेगळा. फवारणी पंप पण घेतला, पप्पा खूश. गेम सेलमध्ये घेतला अन् फाईली चुलतभावाच्या हार्डडिस्कवर भरून आणल्या, तो एसटीनं आला तेव्हा. गंजगोलाई दादा, अडीच महिने वाचले.

शॅडो कमी, पाणी मिडियम, टेक्स्चर (वस्तूंवरची बारीक नक्षी) तेवढे वर ठेवलेत, ४० च्या आसपास फ्रेम मिळायल्यात. कपाटं उघडायचा कंटाळा येतोय हे खरं हाय, आता मी फक्त पैसे दिसले तरच उघडतो. पण परवा रात्री पाऊस सुरू झाला गेममध्ये अन् मी अर्धा तास एका झाडाखाली घोडा लावून थांबलो, काही कारण नसताना. मागनं आई आली, पडद्याकडं बघून म्हणाली, "किती येळचा उभा केलाय त्याला, पाणी तरी पाजलं का?"

बाकी क्रिकेट ०७ काढला नाही. ऑस्ट्रेलियाशी टेस्ट अडकलीय, पाचवा दिवस, नऊ गेलेत, तेरा पाहिजेत, अन् स्ट्राइकला बॉलर हाय. लाईट आली की खेळतो.