१९९९ची मियाटा, सुपरचार्जर आणि हेड गॅस्केट: कोणतं टाकू?

फ्रीमाँटकर
नमस्कार मंडळी. गाडी १९९९ची मझदा मियाटा, १.८ लिटर, मूळ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.५. आधीच्या मालकाने ईटनचा एम४५ सुपरचार्जर बसवलाय. बूस्ट (हवेचा वाढीव दाब) ६ पीएसआयच्या आसपास, इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) नाही. परवा भर उन्हात ऑल्टामाँटचा चढ चढताना तापमानाचा काटा वर गेला, घरी येऊन बघतो तर रेडिएटरमध्ये बुडबुडे. म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट उडालंय. हेड उतरवून ठेवलंय.

इथला एक मेकॅनिक म्हणतो जाड एमएलएस (स्टीलच्या अनेक थरांचं गॅस्केट) टाका, कॉम्प्रेशन उतरेल, इंजिन वाचेल. मित्र म्हणतो तांब्याचं टाक, परत बघायला नको. तिसरा पर्याय साधं कॉम्पोझिट (तंतूंचं नरम गॅस्केट). गाडी रोज ऑफिसला नेतो, सुट्टीला डोंगरात. पेट्रोल कॅलिफोर्नियातलं ९१ ऑक्टेनचं. काय करू?

स्टेटर
तांब्याचं रोजच्या गाडीला नको. ड्रॅगवाले वापरतात ते ब्लॉकला किंवा हेडला खाच पाडून, त्यात तार बसवून. पाण्याच्या वाटांना वेगळं सीलंट लावावं लागतं, तरी झिरपतं. त्यांचं इंजिन सारखं उघडलं जातं, त्यांना चालतं.

फेसिंगवाला
मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं) आणि बोअरिंग शिकलो, आता मिशिगनमध्ये मशीन शॉपला आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी जुनं का उडालं ते शोधा. ६ पीएसआय म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा दाब साधारण १.४ पट. नीट बसवलेलं गॅस्केट एवढ्याने जात नाही. ते जातं नॉकिंगने (मिश्रण आपोआप स्फोटासारखं भडकण्याने), नाहीतर हेडची पकड कमी पडल्याने. एम४५सारखा ब्लोअर (सुपरचार्जर) खालच्या आरपीएमलाच बूस्ट देतो. चढावर चौथ्या-पाचव्यात गाडी ओढत नेली, वरून इंटरकूलर नाही म्हणून हवा गरम, त्यात ९१ पेट्रोल, की नॉकिंगला सगळं आयतंच मिळतं.

जाड गॅस्केटचा सल्ला मला अजिबात पटत नाही. हिशोब करा. तुमचा बोअर ८३ मि.मी., स्ट्रोक ८५, म्हणजे एक सिलिंडर सुमारे ४६० सीसी. गॅस्केट अर्धा मि.मी. जाड केलं तर वरची जागा पावणेतीन सीसीने वाढते आणि कॉम्प्रेशन ९.५वरून जेमतेम ९.१वर येतं. त्या बदल्यात पिस्टनची कड आणि हेड यांच्यातलं अंतर वाढतं. पिस्टन वर येताना त्या चिंचोळ्या जागेतला चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) जोरात मध्ये ढकलला जातो, त्याने जळण लवकर आणि सारखं होतं. ते अंतर वाढवलं की कडेला मिश्रण पडून राहतं आणि तिथेच नॉकिंग सुरू होतं. कॉम्प्रेशन खरंच उतरवायचं असेल तर पिस्टन बदला.

माझं मत: एमएलएस, मूळच्या जाडीचं. तुमचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे गाडी गरम-थंड होते तसं हेड ब्लॉकवर किंचित सरकत राहतं. कॉम्पोझिट त्या घासण्याने हळूहळू फाटतं. एमएलएसचे स्टीलचे थर ते झेलतात, आणि हेड क्षणभर उचललं गेलं तरी त्यांची स्प्रिंगसारखी घडी सील सोडत नाही.

पण एमएलएसला पृष्ठभाग आरशासारखा लागतो. आरए (खडबडीतपणाचं माप) ५० मायक्रोइंचापेक्षा खडबडीत नको, ३०च्या आत मिळालं तर फारच छान. फेसिंगवाल्याला काम देतानाच सांगा की एमएलएससाठी करतोय, नाहीतर तो नेहमीच्या कॉम्पोझिटच्या सवयीने कटर फिरवेल. आणि फक्त हेड नाही, ब्लॉकही तपासा. सरळपट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली ०.०५ मि.मी.ची फीलर (पातळ मापपट्टी) जातेय का बघा. ब्लॉकवर पॉलिश पेपरची चकती कधीच फिरवू नका. तिने खळगे पडतात, आणि तिची भुकटी तेलात गेली की बेअरिंगं खाते.

फ्रीमाँटकर
खूप आभार काका. जुनं गॅस्केट समोर आहे. दोन आणि तीन नंबरच्या मध्ये गॅस्केटची आगीची रिंग (सिलिंडरभोवतीची धातूची कड) एकाच जागी चेपून बाहेर ढकलल्यासारखी दिसतेय, बाकी ठिकाणी स्वच्छ. तीन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके, मध्ये एखादा चकाकतो.

फेसिंगवाला
मग नॉकिंगच. पकड सैल असती तर रिंगवरून काळी रेघ बाहेर गेलेली दिसली असती, अशी एकाच जागी चेपली नसती. तो चकाकणारा ठिपका पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तीन नंबरचा पिस्टन वरून नीट बघा, रिंगांच्या मधल्या पट्टीला तडा नाही ना ते पाहा. हे केल्याशिवाय हेड बसवू नका.

ब्लोअरची पुलीही मोजून घ्या. आधीच्या मालकाने लहान टाकली असेल तर ब्लोअर जास्त वेगाने फिरतो, बूस्ट ६ राहिलेला नसेल. आणि कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण खात्याचा) ईओ, म्हणजे परवानगीचा, नंबर मूळ किटला असतो, त्यामुळे स्मॉग तपासणीच्या वेळी पुलीचा प्रश्न येऊ शकतो.

स्टेटर
बूस्टमध्ये टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्यायची सोय आहे का गाडीत? नसेल तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) टाका.

फ्रीमाँटकर
टायमिंगचं बघतो. हेडचे बोल्ट जुनेच वापरू की स्टड (वरून नटने आवळायचे दांडे) घेऊ? आणि गॅस्केटला तांब्याचा स्प्रे मारू का?

फेसिंगवाला
स्टड घ्या. धाग्यांना आणि वॉशरला कंपनीने दिलेलंच ल्युब लावा आणि टॉर्क त्यांच्याच कागदावरचा, कारण साध्या तेलावर तोच आकडा मारला तर पकड कमी बसते. भोकं आधी चेझरने (आटे साफ करायच्या हत्याराने) साफ करून हवेने फुंका. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड आवळला तर ब्लॉकला तडा जातो. कोटिंग असलेल्या एमएलएसला स्प्रे वगैरे काही नको, कोरडंच बसवा.

ऑर्डर देण्याआधी चारही बोअर मोजून इथे टाका. आधीच्या मालकाने ओव्हरसाइज केले असतील तर गॅस्केटचा बोअर त्या हिशोबाने घ्यावा लागेल. रिंगची कड सिलिंडरमध्ये डोकावली तर ती लाल होऊन तिथूनच नॉकिंग होतं.