वॅलेटात पायी फिरायचंय, पायऱ्या टाळता येतात का? (मदत हवी आहे)

घाईत_आहे: मंडळी, पुढच्या आठवड्यात माल्टाची राजधानी वॅलेटा बघायचीय. गाव टीचभर, एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही म्हणे, त्यामुळे टॅक्सी वगैरे नको, पायीच उरकू असं ठरलंय. पण नकाशात सगळे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि फोटोत बघावं तर नुसत्या पायऱ्या! खरं काय आहे? सुरुवात कुठून करू? लवकर सांगा प्लीज.

पायी_पायी: किती दिवस आहात? उतरताय कुठे? बरोबर कोण? काहीच लिहिलं नाहीये ताई.

नदीकाठी: मी तर म्हणेन वॅलेटा सोडा, स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना करा. गावाच्या मधल्या भागात गाड्या नाहीतच, नदीकाठाने आरामात चालायचं, एकाच जागी शेजारी शेजारी तीन पूल, किल्ल्यावर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर रुळांवरून जाणारी गाडी. आम्ही दोन दिवसात अख्खं गाव पालथं घातलं आणि पाय अजिबात दुखले नाहीत.

घाईत_आहे: अहो तिकिटं काढून झालीत!

मिस्त्री_काका: माल्टात आपल्यासारखे गोल पिनचे प्लग चालत नाहीत, ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे लागतात. अ‍ॅडॅप्टर इथूनच घेऊन जा.

पायी_पायी: काका, प्लगचं कोणी विचारलं? 😀 असो. ताई, नकाशा आणि फोटो दोन्ही खरे आहेत. १५६५ च्या तुर्कांच्या वेढ्यानंतर १५६६ मध्ये हे गाव नव्याने बांधायला घेतलं, लापारेल्ली नावाच्या इटालियन इंजिनिअरने रस्ते काटकोनात आखले. खालचा डोंगर आधी सपाट करायचं चाललं होतं पण तुर्क परत येतील या धास्तीने ते राहून गेलं. म्हणून मधले दोन-तीन लांब रस्ते डोंगराच्या पाठीवरून जातात आणि त्यांना काटणारे रस्ते दोन्हीकडे समुद्राकडे घसरतात. खूप उतार आला की थेट पायऱ्या.

घाईत_आहे: हां, एक सांगायचं राहिलं. आम्ही क्रूझने येतोय. बोट सकाळी ८ ला लागते आणि ५ ला सुटते. बरोबर सासूबाई आहेत, ७१ वर्षं, गुडघे दुखतात पण काठी घ्यायची नाही, लोक काय म्हणतील.

पायी_पायी: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो! 🤦 बोट खाली ग्रँड हार्बरला लागते आणि गाव वर तटबंदीच्या डोक्यावर. पायऱ्यांच्या नादी लागू नका. धक्क्यावरून पाण्याच्या कडेने थोडं चाललं की बराक्का लिफ्ट आहे, ५८ मीटर उंच. वर जायचं तिकीट किरकोळ आहे. दार उघडलं की तुम्ही अप्पर बराक्का बागेत. कठड्याशी बाकावर सासूबाईंना बसवा, अख्खं बंदर समोर. बाराला खालच्या बुरुजावरून तोफ उडते, आधी सांगून ठेवा नाहीतर दचकतील.

रिकामटेकडा: लिफ्टला +१. पण लोअर बराक्का बागही करा, पुढच्या टोकाला, तिथे गर्दी कमी असते.

पायी_पायी: अजिबात नको! नावातच लोअर आहे. जाताना बरं वाटतं, परत चढताना सासूबाई तुमच्याशी बोलणार नाहीत. बागेतून कास्तिल चौक, तिथून मर्चंट्स स्ट्रीटने पुढे, मग रिपब्लिक स्ट्रीटने परत. पॅलेसच्या चौकापर्यंतच. तिथून पुढे उतार सुरू.

चप्पल_पुराण: बुटांचं कोणीच बोललं नाही. रस्त्यांवरचे दगड शेकडो वर्षं पावलांनी घासून तुकतुकीत झालेत, चार थेंब पडले तरी साबण सांडलेल्या फरशीसारखं होतं. मी तिथेच सँडल घालून सपशेल आपटलो. रबरी तळव्याचे बूट, दुसरं काही नाही.

रिकामटेकडा: भारी बूट घातलेलेच जास्त पडतात, माझ्या साध्या चपलांनी आख्खं माल्टा झालं.

चप्पल_पुराण: तुमचं वय ७१ आहे का?

कलासक्त: सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे मोठं चर्च चुकवू नका! काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं, संत जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, त्याचं सगळ्यात मोठ्या आकाराचं आणि सही असलेलं एकमेव, तीही सांडलेल्या रक्तात केलेली. आतली सगळी जमीन म्हणजे सेंट जॉनच्या पंथाच्या सरदारांच्या (नाइट्सच्या) थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा, म्हणून टोकदार हील्स चालत नाहीत. वार कुठला आहे?

घाईत_आहे: रविवार 😬

कलासक्त: अरेरे. रविवारी पर्यटकांना बंद. आता हे आधी सांगितलं असतंत तर एवढं टाइप केलं नसतं.

नदीकाठी: म्हणूनच म्हणत होतो ल्युब्लियाना.

खादाड_खाऊ: ते सोडा, पास्तित्सी खाल्ल्याशिवाय येऊ नका. पापुद्रे सुटलेली करंजीच, आत मटार नाहीतर रिकोटा (पनीरसारखं मऊ चीज). सासूबाई शाकाहारी असतील तर मटारवाली घ्या.

शुद्ध_शाकाहारी: आत मटार असला तरी पारीत प्राण्याची चरबी असू शकते. विचारून मगच घ्या.

खादाड_खाऊ: झालं, आता करंजीवर शंभर प्रतिसाद येणार.

घाईत_आहे: सगळ्यांना धन्यवाद. सासूबाईंना वाचून दाखवलं. चित्राचं दुःख नाही, त्यांना तोफ बघायचीय. आणि करंजीत नक्की चरबी असते का ते कुणी ठामपणे सांगेल का, त्या आत्ताच तीनदा विचारून गेल्या.

मिस्त्री_काका: बोटीवरचे प्लग वेगळे असू शकतात, तेही बघून ठेवा.