क्रोमियम आयोडाइडच्या एका थरात डीएमआय कामून नाही?

गोदाकाठ_नांदेड:
नमस्कार, एमएस्सी सेकंड इयरला आहे, सेमिनारला टूडी मॅग्नेट (अगदी पातळ थरांचे चुंबक) घेतलेत आणि दोन दिवसांपासून एकाच जागी अडकलोय. २०१७ ला क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर ४५ केल्विनपर्यंत फेरोमॅग्नेट (सगळ्या अणूंचे स्पिन, म्हणजे इवले चुंबक, एकाच दिशेत) राहतो हे दिसलं, तिथवर कळलं. पण डीएमआयला (झ्यालोशिन्स्की-मोरिया परस्परक्रिया, शेजारचे स्पिन एकमेकांपासून वळवणारी) जड अणू लागतो, आयोडीन तर जडच आहे की, मग शेजारशेजारच्या क्रोमियममधला डीएमआय शून्य कामून म्हणायलेत?

औसेकर:
जड अणू असणं, थर पातळ असणं वेगळं आणि सिमेट्री (उलटवलं तरी तसंच दिसणं) मोडणं वेगळं रे, डीएमआयला ती मोडावी लागते. कागद घे, दोन शेजारी क्रोमियम काढ, बरोबर मध्ये टिंब दे. त्या टिंबातून सगळं उलटवलं की वरचे आयोडीन खालच्यांच्या जागी जातात, दोन क्रोमियमची अदलाबदल होते, स्पिनची दिशा मात्र तीच राहते कारण तो अक्षीय सदिश आहे. आता डीएमआयच्या ऊर्जेत डी (त्याची ताकद) आणि स्पिनचा क्रॉस गुणाकार आहे, क्रम बदलला की चिन्ह बदलणार, आणि थर तर जसाच्या तसा, म्हणजे डी बरोबर उणे डी, आलं शून्य! मोरिया ह्या भौतिकशास्त्रज्ञानं १९६० ला दिलेला पहिला नियम हाच.

परभणीची_ताई:
औसेकर दादांनी नेमकं सांगितलं. डीएमआयचा पीळ कायरल, म्हणजे डाव्या किंवा उजव्या हाताचा असतो, ते मला आमच्या आबांमुळं कळलं, अंबाडीची दोरी वळायचे ते. उजव्या पिळाची दोरी उलटी धरली तरी पीळ उजवाच, आरशात मात्र डावा दिसतो. तसंच इथं, एक्स्चेंज (शेजारच्या स्पिनमधला नेहमीचा जोड, त्याची ताकद जे) म्हणतो समांतर राहा, डीएमआय म्हणतो काटकोनात वळ, त्यातून पीळ बसतो आणि कोणत्या हाताचा ते डीचं चिन्ह ठरवतं. डी जर जेच्या एक दशांश असला तर एका रांगेत दर अणूला साधारण ५.७ अंश, म्हणजे ६३ एक अणूंनी पूर्ण वेढा. ॲनिसोट्रॉपी (स्पिनला ठराविक दिशेत धरून ठेवणारी ओढ) जबर असली तर पीळ बसतच नाही, हे विसरू नको.

गोदाकाठ_नांदेड:
आत्ता पेटली ट्यूब! मग ह्या थरात आणायचा कसा?

औसेकर:
वरखाली फरक पाडायचा. एका बाजूचे आयोडीन काढून ब्रोमीन बसवले तर जेनस थर होतो, त्यात स्कर्मिऑन (स्पिनचे इवले भोवरे) तयार होतील असं गणितं सांगतात. उभं विद्युत क्षेत्र लावलं तरी ती सिमेट्री मोडते. आणि एक, शून्य आहे ते पहिल्या शेजाऱ्यांचं. दुसऱ्या शेजाऱ्यांच्या मध्ये असं टिंब नाही, तिथं डीएमआय चालतो, २०१८ च्या न्यूट्रॉन प्रयोगात मॅग्नॉनमध्ये (स्पिनच्या लाटांमध्ये) जी ऊर्जेची फट दिसली ती त्याच्याशीच जोडली होती. स्लाइडवर वरचे आणि खालचे आयोडीन वेगळ्या रंगात काढ, अर्धे प्रश्न तिथंच मिटतील.