रँक बघून कॉलेज ठरवावं का? (मुलगी, कॉम्प्युटर, सोलापूर की पुणे) सल्ला हवाय

चाटी_गल्लीवाला

नमस्कार मंडळी. घरात आठ दिवस हा एकच विषय चाललाय, माझं डोकं पार बधिर झालंय म्हणून इथं विचारतो. मुलीला सीईटीला ९३ पर्सेंटाइल, तिला कॉम्प्युटरच करायचंय, त्यावर वाद नाही. वाद पुढं आहे. तिच्या मामाचं म्हणणं, पुण्यातलं एक खाजगी कॉलेज आहे तेच ऑप्शन फॉर्मला एक नंबरला टाका कारण त्याला एनआयआरएफचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेजांच्या यादीतलं, रँक आहे (म्हणजे पहिल्या शंभरात नाही, २०१ ते ३०० च्या गठ्ठ्यात), आपल्या इथल्या कॉलेजचं त्या यादीत नावच नाही, विषय संपला. त्यात एका परराज्यातल्या अभिमत विद्यापीठाचा माणूस रोज सकाळी मी भाकरी खायला बसलो की फोन करतो, त्यांचं रँक या दोघांच्याही वर आहे म्हणे, "सीट आजच ब्लॉक करा सर".

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आकडा दिसला की तो कशाची बेरीज आहे ते बघायची सवय लागलीय. तर हे रँक कशाची बेरीज आहे ते कुणी नीट सांगेल का? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

कडक_भाकरी

मामा लोकांचं कधी ऐकू नये बे. मला मामानंच डी.एड. करायला लावलं होतं, अजून शिक्षकभरतीची वाट बघूलालोय.

जुळे_सोलापूरकर

गंमत बाजूला ठेवा. मी मामांच्या बाजूनं आहे. माझ्या मोठ्या पोराच्या वेळी आम्ही रँक बिंक काही बघितलं नाही, हायवेवर होर्डिंग बघितलं, "१०० टक्के प्लेसमेंट", गेटपाशी कारंजं, प्राचार्यांच्या केबिनमध्ये एसी, आम्ही खूष. दुसऱ्या वर्षी कळलं की तीन विषयांना मिळून एकच मास्तर आहे आणि तोही दिवाळीनंतर सोडून गेला. कॉलेजचं नाव घेत नाही, आता उपयोग नाही. तेव्हा वाटलं, कुणीतरी बाहेरच्या माणसानं तपासलेलं काहीतरी हातात असतं तर बरं झालं असतं. होर्डिंगपेक्षा सरकारी यादी कधीही बरी. परफेक्ट नसेल, पण आपल्यासारख्याला दुसरं आहे काय?

फाइलवाले_सर

चाटी गल्लीवाले, प्रश्न अगदी मुद्द्याचा विचारलात. मी निवृत्त आहे, पण नोकरीची शेवटची काही वर्षं आमच्या कॉलेजची हीच माहिती भरायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं बेरीज पाठ आहे. एनआयआरएफची पहिली यादी २०१६ ला आली. इंजिनिअरिंगला १०० पैकी ३० शिकवणं आणि साधनं (किती विद्यार्थ्यांमागं किती मास्तर, त्यातले पीएचडी किती, अनुभव किती, पैसा किती खर्च केला), ३० संशोधन, २० निकाल नि नोकऱ्या, १० सर्वसमावेशकता आणि १० परसेप्शन, म्हणजे लोकांना तुमच्याबद्दल काय वाटतं.

आता यातलं तुमच्या मुलीच्या कामाचं काय ते बघा. संशोधनाचे ३० म्हणजे छापलेले पेपर, ते किती ठिकाणी उद्धृत झाले, पेटंटं, बाहेरून आलेले प्रकल्प. चार वर्षांची बी.टेक. करणाऱ्या पोरीला सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर कोण शिकवतंय याच्याशी त्याचा संबंध फार लांबचा. उलट मी असं बघितलंय की पेपर छापायच्या नादात मास्तर वर्गावर जायचे नाहीत आणि लेक्चर नुकत्याच पास झालेल्या पोरांकडं ढकलायचे. पेपर कसलेही छापायला लागले लोक, शेवटी २०२५ च्या यादीत मागं घेतलेल्या पेपरांबद्दल मार्क कापायला सुरुवात करावी लागली, यावरून काय ते समजा.

सर्वसमावेशकतेत परराज्यातले विद्यार्थी किती तेही मोजतात. आपल्याकडं सगळी पोरं बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, पंढरपूरची. दिवसभर जिल्ह्यातल्याच पोरांना शिकवा, त्या रकान्यात काही पडत नाही. पलीकडं कर्नाटकातली, इंडी विजापूरकडची चार पोरं आली की आम्हाला कोण आनंद व्हायचा. फॉर्म भरताना मी त्यांना नावानं शोधायचो!

आणि परसेप्शन. दिल्लीत बसलेल्या माणसानं "वालचंद" ऐकलं तर त्याच्या डोळ्यापुढं सांगलीचं कॉलेज येणार, १९४७ चं. सोलापुरात १९८३ पासून वेगळं वालचंद आहे हे त्याला कोण सांगणार.

अजून एक, यात कॉलेजनं स्वतः अर्ज करावा लागतो आणि बरीचशी माहिती कॉलेजच भरतं. इंजिनिअरिंगला ३०० च्या पुढं नाव छापत नाहीत. त्यामुळं "यादीत नाव नाही" याचा अर्थ वाईट आहे, भाग घेतलेला नाही किंवा ३०१ वा आहे, यातलं काहीही असू शकतं.

परदेशी_शेंगाचटणी

सरांनी कॉलेजच माहिती भरतं म्हटलंय त्यावरून सांगतो. मी सध्या अमेरिकेत मास्टर्स करतोय, मूळ अशोक चौकातला. इकडं हा खेळ आपल्यापेक्षा जुना आहे. कोलंबिया युनिव्हर्सिटी, म्हणजे जिथं बाबासाहेब शिकले ती, यूएस न्यूज म्हणून इकडची कंपनी दरवर्षी रँकिंग काढते, तिच्या यादीत २ नंबरला होती. २०२२ ला तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकानं, मायकेल थॅडियस नाव, बसून आकडे तपासले आणि वर्गातली संख्या, मास्तरांच्या पदव्या, खर्च यातलं बरंच जुळत नाही म्हणून स्वतःच्या वेबसाइटवर टाकलं. त्याच वर्षी सप्टेंबरला कोलंबिया २ वरून १८ वर. सहा महिन्यांत शिकवण्यात काय फरक पडला होता? काहीच नाही. फक्त हिशेब तपासला गेला. टेंपल म्हणून युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या बिझनेस स्कूलच्या डीनला तर रँकिंगसाठी खोटे आकडे दिले म्हणून जेलची शिक्षा झाली. आणि रीड नावाचं कॉलेज १९९५ पासून सांगतंय आम्हाला यात घेऊ नका, तरी यांचं घेणं चालूच.

शांघायची जगभरातल्या विद्यापीठांची यादी (२००३ पासूनची) तर बघाच, माजी विद्यार्थी नि प्राध्यापकांना किती नोबेल आणि फील्ड्स मेडल (गणितातलं मोठं बक्षीस) मिळाले याला तब्बल ३० टक्के वजन. आपल्या केगावच्या सोलापूर विद्यापीठानं आता नोबेलची तयारी करावी की मोहोळच्या पोरांना शिकवावं?

कडक_भाकरी

नोबेल नाही तर नाही, शेंगाचटणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी बास ओ.

जुळे_सोलापूरकर

हे असं होतं बघा, अमेरिकेत एकानं खोटं लिहिलं म्हणून इथली यादी खोटी? मी एक उदाहरण देतो. पुणे विद्यापीठ २०२४ ला ओव्हरऑल यादीत ३७ वं होतं, २०२५ ला ९१ वं. सगळे ओरडले रँकिंग चुकीचं. पण प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत हे काय यादीनं सांगायच्या आधी कुणाला माहीत नव्हतं का? मग यादीनं खरंच दाखवलं की. आरसा बघून तोंड वाकडं केलं तर आरशाचा काय दोष?

फाइलवाले_सर

जुळेकर, तुमचं हे मान्य आहे, मास्तर विद्यार्थी प्रमाण हा त्यातला सगळ्यात खरा आकडा आहे आणि त्याची भीती होती म्हणून आमच्या संस्थेनं रखडलेल्या पाच जागा भरल्या, नाहीतर कशाला भरल्या असत्या. मी रँकिंग बंद करा म्हणतच नाही. मी म्हणतो ३७ नि ९१ यातला फरक काहीतरी सांगतो, पण १५१ ते २०० चा गठ्ठा आणि २०१ ते ३०० चा गठ्ठा यातला फरक काही सांगत नाही, आणि आपली सोलापूरची माणसं नेमकी त्या दुसऱ्या फरकावर दरवर्षी दीड दोन लाख जास्त खर्च करूलालेत.

हुतात्मा_विंडोसीट

मी सोलापुरातनंच बी.ई. केलं, २०१५ पासआउट, आता पुण्यात आहे, टीमसाठी पोरं घेतो मुलाखती घेऊन. नऊ वर्षांत एकदाही कुणाच्या कॉलेजचं एनआयआरएफ रँक बघितलेलं नाही. खरंच नाही. आयआयटी एनआयटी असलं की नजर थांबते, सीओईपी व्हीजेटीआय या पुण्यामुंबईच्या जुन्या कॉलेजांना थांबते, त्याखाली सगळं सारखंच दिसतं, मग गिटहब (पोरानं स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम तिथं दिसतात), इंटर्नशिप आणि बोलता येतं का.

पण सोलापूरकरांनी सोलापूरची उगाच बाजू घेऊ नये, एक खरं सांगतो. इथं कंपन्या येत नाहीत. आल्या तर मोठ्या भरती करणाऱ्या दोन चार, बाकी पूल कॅम्पसला (बऱ्याच कॉलेजांच्या पोरांची एकत्र भरती) आम्ही पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला यायचो, शर्ट पिशवीत, स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये बदलायचा, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. पुण्यातल्या पोराला तीच टेस्ट म्हणजे घरनं पीएमटीनं जायचं. इंटर्नशिप तर तिसऱ्या वर्षी वाकडमध्येच करतात. हा पुण्याचा फायदा आहे, रँकचा नाही. म्हणजे पुण्यातलं बिनरँकचं बऱ्यापैकी कॉलेज पण तोच फायदा देतं. तर मामा बरोबर आहेत पण चुकीच्या कारणासाठी असं माझं मत.

विजापूर_रोड_ताई

दादा, तुम्ही खर्चाचं काहीच लिहिलं नाहीत म्हणून विचारते. ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसीमध्ये बसत असाल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून मुलींना ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, पण कॅपमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतनं, ॲडमिशन घेतलं तरच. मॅनेजमेंट कोट्यात नाही आणि अभिमत किंवा खाजगी विद्यापीठाला तर नाहीच. तो फोनवाला हे सांगणार नाही. सीट ब्लॉक करायचे पैसे आधी देऊ नका, आमच्या जावेनं दिलेत, परत मिळवताना नाकी नऊ आले.

माझी पुतणी पुण्यात आहे, फी शून्य, पण हॉस्टेल, मेस, येणंजाणं धरून खर्च होतोच, तो धरा. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ओपन डेला जाऊ नका. साध्या मंगळवारी बुधवारी दुपारी जा, कँटीनमध्ये थर्ड इयरच्या मुलींना विचारा की प्रॅक्टिकलला मशीन एकीला मिळतं का तिघींत एक, संध्याकाळी लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, मेसचं पाणी कसं आहे. मुली खरं सांगतात.

फाइलवाले_सर

ताईंचं शंभर टक्के. आता चाटी गल्लीवाल्यांच्या कामाची गोष्ट. प्रत्येक भाग घेतलेल्या कॉलेजनं एनआयआरएफला जे आकडे दिले ते स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावे लागतात, अगदी खाली कोपऱ्यात "एनआयआरएफ" म्हणून असतं, पीडीएफ. रँक विसरा, ती पीडीएफ काढा. त्यात चार वर्षांपूर्वी किती पोरं घेतली, त्यातली वेळेत पास किती, नोकरी किती जणांना, पुढं शिकायला किती गेले आणि मेडियन पगार किती हे ओळीनं असतं. मेडियन म्हणजे सगळे पगार रांगेत लावून मधला. जाहिरातीत दाखवतात तो रांगेतला शेवटचा असतो. फक्त हे सगळ्या ब्रँचचं एकत्र असतं, कॉम्प्युटरचं वेगळं नाही, ते लक्षात ठेवा. ज्यांनी भाग घेतला नाही त्यांच्या वेबसाइटवर एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मँडेटरी डिस्क्लोजर, म्हणजे सक्तीनं जाहीर करायची माहिती, असतं, तिथं मास्तरांची यादी बघा, आणि ब्रँचला एनबीएचं मूल्यांकन आहे का बघा, कारण नॅकचं मूल्यांकन सगळ्या कॉलेजला मिळून असतं, एनबीए त्या त्या कोर्सला.

कडक_भाकरी

सर तुम्ही क्लास काढा, सात रस्त्याला जागा बघतो मी.

चाटी_गल्लीवाला

सगळ्यांचे आभार. सरांनी सांगितल्यावर काल रात्री जेवणं झाल्यावर मी, पोरगी आणि मामा (हो, त्यांना मुद्दाम बोलावलं) तिघं लॅपटॉपसमोर बसलो. मी वहीत रकाने आखले, पोरगी हसत होती.

पहिलं फोनवाल्याचं. त्यांचं जे रँक तो सांगत होता ते निघालं फार्मसीच्या यादीतलं. २०२५ ला म्हणे १७ वेगवेगळ्या याद्या आहेत, ज्यात बरं आलं ते सांगतात. इंजिनिअरिंगला कुठंच नाव नाही. नंबर ब्लॉक केला, सीट नाही.

पुण्याचं कॉलेज. घेतलेली पोरं आणि वेळेत पास झालेली यात बराच खड्डा आहे, आणि पास झालेल्यांत नोकरी लागलेली निम्म्याच्या जराशी वर. मेडियन पगार बघून मामा म्हणाले, हे एका महिन्याचं आहे का? वर्षाचं होतं. पण मास्तरांच्या यादीत कॉम्प्युटरला बरीच जुनी माणसं दिसली, दहा दहा वर्षं तिथंच असलेली, ते मला आवडलं. सोलापूरच्या कॉलेजची एनआयआरएफची पीडीएफ सापडली नाही, डिस्क्लोजर सापडलं, त्यात मास्तर आहेत पण निम्म्यांची जॉइनिंग गेल्या दोन वर्षांतली. एनबीए कॉम्प्युटरला आहे.

जुळेकर, तुमच्या आरशाबद्दल पटलं, पण आरशात बघायच्या आधी आम्ही नुसतं फ्रेमवर छापलेला नंबर वाचत होतो.

फी माफीत आम्ही बसतो, ताई, हे खरंच माहीत नव्हतं, उद्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत जातोय. बुधवारी हुतात्मानं पुण्याला जाऊन येणार, ओपन डे शनिवारी आहे म्हणून मुद्दाम बुधवार. यादीत नसलेलं अजून एक पुण्यातलं कॉलेज विंडोसीट यांच्या सांगण्यावरून बघणार आहे. पोरीनं स्वतःची प्रश्नांची यादी केलीय, त्यात पहिला प्रश्न लॅबचा नाही, हॉस्टेलमध्ये कडक भाकरी ठेवू देतात का हा आहे.

कडक_भाकरी

माझं नाव घेतल्याबद्दल आभारी आहे.

विजापूर_रोड_ताई

देतात. डबा घट्ट झाकणाचा द्या, मुंग्या होतात. आणि उत्पन्नाचा दाखला किती वर्षांचा चालतो ते सेतूत नीट विचारून घ्या, आमचा एकदा परत आला होता.