नामसाधर्म्यामुळे भावाला अटक : सरकारी वकिलांवर कायदेशीर जबाबदारी येते का?

नमस्कार. प्रश्न कायद्याचा आहे, पण तो समजावा म्हणून आधी हकीकत सांगतो. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो आणि माझा थोरला भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. चार महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी पोलीस घरी आले आणि दुसऱ्या तालुक्यातील न्यायालयाच्या पकड वॉरंटवरून दादाला घेऊन गेले. मारहाणीच्या एका २०१६ सालच्या खटल्यातील आरोपी जामिनावर सुटल्यापासून तारखांना गैरहजर होता; त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही दादाच्या नावाशी जुळत होती. वॉरंटवरचा पत्ता होता ‘सिडको, नाशिक’, बस्स एवढाच.

शनिवारी दादाला सुट्टीच्या न्यायालयासमोर उभे केले. आधार कार्ड दाखवून तो म्हणाला, की मी तो नव्हे, त्या गावी मी कधी गेलेलोही नाही. त्यावर सहायक सरकारी अभियोक्त्यांनी (म्हणजे खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांनी), नाव जुळते आहे आणि ओळखीचा प्रश्न मूळ न्यायालयाने पाहावा, असे सांगून जामिनाला विरोध केला. सोमवारी मूळ न्यायालयात जुनी फाईल निघाली, तेव्हा जामीनपत्रावरील छायाचित्र आणि सही दोन्ही भलत्याच माणसाची असल्याचे काही मिनिटांत स्पष्ट झाले. खरा आरोपी दादापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. दादा त्याच संध्याकाळी सुटला, पण तीन रात्री कोठडीत गेल्या त्या गेल्याच.

पोलिसांविरुद्ध काय करता येते हे बरेच जण सांगतात. माझा प्रश्न त्याहून वेगळा आहे. अटक करणाऱ्याने चूक केली, हे मान्य. परंतु ती चूक पहिल्याच दिवशी थांबवण्याची संधी ज्यांच्या हाती होती, त्या अभियोक्त्यांना कायदा जाब विचारतो का? त्यांच्याकडे त्या दिवशी फायलींचा गठ्ठा होता हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यांचा दादावर राग असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही दूरध्वनीवरून जामीनपत्राचे छायाचित्र मागवावे, एवढे त्यांनी सुचवले असते तर? हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ५० लाख रुपयांची भरपाई दिली हे वाचले आहे, मात्र ते प्रकरण फार मोठे होते. आमच्यासारख्यांनी नेमका कोणाकडे अर्ज करावा?

प्रतिसाद

आपल्या भावाला झालेला त्रास वाचून वाईट वाटले. मी नाशिकच्या न्यायालयात काही वर्षे वकिली केली आहे, त्या अनुभवावरून लिहितो. प्रत्यक्ष कागद पाहिल्याशिवाय हे अंतिम मत समजू नये.

अभियोक्त्यांवर व्यक्तिशः नुकसानभरपाईचा दावा टिकणे फार कठीण आहे. द्वेषमूलक खटल्याच्या दाव्यात द्वेष आणि वाजवी कारणाचा अभाव अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि द्वेष नव्हता हे आपणच लिहिले आहे. तपास व अभियोग ही कामे आपल्याकडे वेगळी ठेवलेली आहेत, आर. सरला प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तपासाच्या टप्प्यावर सरकारी वकिलांची भूमिका नसते असेच म्हटले. अमेरिकेत तर १९७६ च्या इम्ब्लर निकालापासून न्यायालयातील कामाबद्दल अभियोक्त्यांना अशा दाव्यांपासून संपूर्ण संरक्षण आहे.

विभागीय जबाबदारी मात्र वेगळी. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निर्दोष सुटकेच्या प्रत्येक प्रकरणाची छाननी करून दोषी तपास अधिकारी आणि अभियोग अधिकारी यांच्यावर विभागीय कारवाई व्हावी, असे निर्देश दिले. आपला भाऊ आरोपीच नव्हता, त्यामुळे हा निकाल शब्दशः लागू होणार नाही. पण अभियोग संचालनालयाकडे, म्हणजे सरकारी अभियोक्त्यांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाकडे, तक्रार करताना त्याचा आधार जरूर घ्यावा.

खरी मेख भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ च्या उदाहरणात आहे, जे जुन्या दंड संहितेच्या कलम ७६ मधून जसेच्या तसे आले आहे. न्यायालयाने एकाला पकडण्याचा हुकूम दिला आणि अधिकाऱ्याने योग्य चौकशीनंतर दुसऱ्यालाच तो समजून पकडले, तर तो गुन्हा नाही, असे ते उदाहरण सांगते. योग्य चौकशीनंतर, हे शब्द लक्षात घ्या. वय, छायाचित्र, सही यांपैकी काहीच न पडताळता केलेली अटक त्या संरक्षणात बसते का, यावर आपला सगळा युक्तिवाद उभा करावा लागेल.

भरपाईसाठी प्रतिवादी राज्य शासन असावे. रुदल शाह प्रकरणापासून, म्हणजे १९८३ पासून, बेकायदा बंदिवासाबद्दल रिट अधिकारितेत (मूलभूत हक्कांसाठी थेट वरिष्ठ न्यायालयात करायच्या अर्जावर) राज्याला भरपाई द्यायला लावता येते. नाशिकसाठी त्याकरिता मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली जावे लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३९९ च्या नादी लागू नका. ते विनाकारण अटक करवणाऱ्या व्यक्तीविरुद्ध आहे आणि त्यातील कमाल रक्कम १,००० रुपये आहे. तेवढे तर आपले नकलांचे आणि रिक्षाचे गेले असतील.

मुदतीकडे मात्र तातडीने पाहा. बेकायदा बंदिवासाच्या दाव्याला सुटकेपासून एक वर्ष मिळते, पण पोलीस अधिकाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधील सहा महिन्यांची अट पुढे केली जाईल, आणि शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीसही लागते. चार महिने आधीच गेले आहेत. दोन्ही न्यायालयांतील रोजनामा (न्यायालयाच्या कामकाजाची तारीखवार नोंद), रिमांड अहवाल (कोठडी मागताना पोलिसांनी दिलेला अहवाल), वॉरंट आणि जामीनपत्र यांच्या नकलांचा अर्ज याच आठवड्यात करा. शनिवारच्या रोजनाम्यात भावाचे म्हणणे नोंदवलेले आहे की नाही, यावर पुढचे बरेच ठरेल.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. नकलांचे अर्ज सोमवारी करतो. एक गोष्ट आधी लिहायची राहिली : खरा आरोपी अजून सापडलेला नाही आणि वॉरंट त्याच नावाने, त्याच अपुऱ्या पत्त्यावर कायम आहे. दादा सुटकेच्या आदेशाची लॅमिनेट केलेली प्रत खिशात ठेवूनच पाळीला जातो. वॉरंटवर वय आणि छायाचित्र जोडावे, असा अर्ज आम्ही मूळ न्यायालयात करू शकतो का, की तो सरकारी वकिलांमार्फतच द्यावा लागेल?